म्हाळसाची नऊ पावलं

३ ऑक्टोबर २००४, रविवार

पेंडीच्या कंपनीनं जानेवारीत दिलेली ही डायरी नऊ महिने कोरी पडली होती. आज उघडली. उद्या कुणी विचारलं की न्हावऱ्यासारख्या गावातून ही पोरगी तयार कशी झाली, तर दाखवायला काहीतरी लेखी पाहिजे. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मी ईश्वर, गावच्या दूध डेअरीवर टेस्टर. सकाळ-संध्याकाळ दूध घेतो, फॅट लावतो, लॅक्टोमीटर टाकून डिग्री बघतो, आणि कुणी पाणी घातलं असेल तर तोंडावर सांगतो. त्यामुळे गावात मला दोस्त कमी. आमच्या आज्यापर्यंत घराणं मेंढरांमागं फिरलं, वडिलांनी कांदा-ऊस लावून घर बांधलं, आणि माझी थोरली म्हाळसा अकरावीत आहे, ती उंच उडी मारते.

मल्हारी सर शाळेवर होते तोवर त्यांनी तिला पाठीवरून जायची उडी शिकवली. जूनमध्ये सरांची बदली जुन्नरकडं झाली. तेव्हापासून कोच मीच. मला स्वतःला बांध ओलांडताना धाप लागते, ते सोडा. डेअरीच्या मागच्या रानात वेल्डरकडून करून घेतलेले दोन खांब आहेत, त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी. पडायला पोत्यांत उसाचं पाचट भरून थप्पी लावलीय, वर जुन्या गाद्या. आज तिनं एक मीटर सत्तावन्न मारली, आणि उठून केसातलं पाचट काढत विचारलं, "आप्पा, म्हशीला पाणी दावलं का?"

एकोणीस डिसेंबरला दौंडला निवड चाचणी आहे. एक पंचावन्न मारली की पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा. तिथं खरा कोच, खरी गादी, पोटभर खाणं. पुढच्या साली वय बसत नाही. म्हणजे हाच एक डाव.

१० ऑक्टोबर, रविवार

तालुक्याच्या स्पर्धेला शिरूरला गेलो होतो. म्हाळसा पहिली, त्यात विशेष काही नाही. विशेष म्हणजे पुण्याहून वसुधा मॅडम म्हणून एक डॉक्टर आल्या होत्या. त्यांचं संशोधन चाललंय. खेळाडूनं डोळे मिटून नुसती मनात उडी मारली तर मेंदूत काय होतं, आणि ज्याला उडी येतच नाही त्याच्या मेंदूत काय होतं, हे मशीनवर बघायचं. आठ पोरी उडी येणाऱ्या, आठ न येणाऱ्या. म्हाळसाला बोलावलंय. न येणारी एखादी असेल तर तीही आणा म्हणाल्या. आमच्या धाकट्या भावाची सोनम आहे की. म्हाळसाच्याच वयाची, आणि तिला तोंड चालवण्यापलीकडं दुसरा व्यायाम नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

पहाटेच्या यस्टीनं दोघींना घेऊन पुण्याला गेलो. डोक्याला तारांची टोपी घालतात, केसात चिकट मलम भरतात आणि खुर्चीत बसवतात. टुक असा आवाज झाला की डोळे मिटून मनात एक उडी. अशा तीस. मी काचेपलीकडं बसून बघत होतो. बघण्यासारखं काही नव्हतं, पण जागचा हललो नाही.

झाल्यावर तिथल्या असिस्टंट पोरानं आठवण म्हणून दोघींचे रंगीत कागद छापून दिले. डोक्याचा गोल नकाशा. जिथं मेंदू जास्त काम करतो तिथं लाल, गप्प असतो तिथं निळं, एवढं त्यानं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अजून बाकीच्या मुलींचं व्हायचंय. आत्ताच यातून काही अर्थ काढू नका हं."

अर्थ काढायला डोळे फोडून घ्यावे लागतात काय. सोनमचं डोकं लालभडक, पिवळं, पार कानापर्यंत पेटलेलं. आणि माझ्या म्हाळसाचं निळं. मधोमध रुपयाएवढा एक ठिपका लाल, बाकी सगळं थंड.

परतीच्या गाडीत दोघींना विचारलं, काय काय मनात आणलंत. सोनम सुरूच झाली. "काका, मला तर भ्याच वाटलं, पट्टी पाठीत बसंल म्हणून. आधी कंचा पाय उचलायचा तेच कळंना. मग ते मलम कानात उतरलं. मग भूक लागली. मग म्हणलं, पडले तर ह्यो काचंमागचा पोरगा हसंल." तीसच्या तीस उड्यांत तिनं एवढा विचार केला. मग म्हाळसाला विचारलं.

"उडी मारली," ती म्हणाली.

"ते झालं. पण मारताना डोक्यात काय होतं?"

"काय न्हाई. उडी."

आणि खिडकीला डोकं लावून रांजणगावापासून घरापर्यंत झोपली.

१८ ऑक्टोबर, सोमवार

वीस वर्षं मी आकडा बघतोय. आकडा वर असेल तर दूध चांगलं, खाली असेल तर पाणी. लोक देवाच्या शपथा घेतात, गाईच्या शपथा घेतात, मशीन शपथ घेत नाही. आज कागद पुढं ठेवून म्हाळसाला सांगितलं, की तू तिथं बसून मनात उडी मारलीच नाहीस. तिसात पाच मारल्या असशील, बाकी पाणी.

ती कागदाकडं बघत राहिली. "मी मारल्या, आप्पा. सगळ्या गेल्या."

"मग हे निळं कशानं?"

माझं म्हणणं एवढंच आहे, की आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आज एक सत्तावन्न जाते ती अंगाच्या जोरावर जाते. दौंडला जिल्ह्यातल्या पोरी येणार, तिथं डोकं लागणार. ते डोकं मी तयार करणार. दोन महिने आहेत.

२२ ऑक्टोबर, दसरा

खांबांना झेंडूचं तोरण बांधलं. मग तिला विचारलं, धावत येताना पावलं किती टाकतेस. माहीत नाही म्हणाली. पहिलं पाऊल डावं का उजवं, तेही माहीत नाही. सगळं आयुष्य उडी मारतेय आणि पावलाचा पत्ता नाही. मी बसून मोजली. नऊ. पहिलं डावं, नववंही डावं, त्याच्यावर उसळी. एका कोऱ्या पानावर सगळं लिहून काढलं: पाऊल, गुडघा, हात, कंबर, मान, टाच. हिशेबानं तेवीस गोष्टी होतात. रोज संध्याकाळी डोळे मिटून बसायचं आणि तेवीसच्या तेवीस तोंडानं बोलत मनात उडी मारायची. मी समोर बसून तपासणार.

धुरपदा, म्हणजे म्हाळसाची आई, सोनं द्यायला आली आणि ऐकत उभी राहिली. "हे काय पाढं म्हणतीया व्हय?" म्हणाली. तिला काय सांगणार.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमना डेअरीवरून फोन लावला. निळं कशानं आलं ते विचारायचं होतं. असिस्टंट म्हणाला मॅडम परदेशी गेल्यात, डिसेंबरात येतील, मला त्यातलं काही सांगता येणार नाही. नाही तर नाही. मला समजलंय ते पुरे आहे.

३१ ऑक्टोबर, रविवार

म्हाळसा गुणी आहे. तेवीस गोष्टी पाठ झाल्या. डोळे मिटून घडाघडा म्हणते, कपाळाला आठ्या पडतात, घाम येतो. ह्याला म्हणायचं मेहनत. मशीन असतं तर आज लाल आलं असतं.

उडी मात्र एक पंचावन्नवर दोनदा पडली. वारं होतं.

७ नोव्हेंबर, रविवार

एक पंचावन्न पडली. एक बावन्न पडली. एक पन्नास तिसऱ्यांदा गेली. आता ती धावताना ओठांनी मोजते, आणि मोजता मोजता दहावं पाऊल येतं किंवा आठव्यालाच पट्टी येते. मी म्हणालो, अजून पक्कं झालं नाही, रोज दोनदा बसू. ती बरं म्हणाली.

१५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली. एक पंचेचाळीस.

मी सगळं तपासलं. पोती बदलली, पाचट नवं भरलं. खांबांची उंची परत मोजली. तिला अंडी सुरू केली, चोरून, कारण माझ्या म्हाताऱ्या आईला घरात चालत नाहीत. बूट शिरूरहून नवे आणले. आज मीठमोहऱ्यासुद्धा ओवाळून टाकल्या, मी, जो दुधाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही.

धुरपदा चुलीपुढं होती. न विचारता बोलली. "मी एक सांगू का? तुमी तिला सोडा. मी भाकरी थापती तवा बोटाकडं बघत न्हाई. कुणी बघाय लावलं तर भाकरी तुटंल."

मी म्हणालो, भाकरीला निवड चाचणी नसते. आता लिहिताना वाटतं, जरा तोडून बोललो. पण धुरपदाला हातावर हात ठेवून बसा म्हणणं सोपं आहे. एकोणीस तारखेला तिथं उभं मला राहायचंय.

२८ नोव्हेंबर, रविवार

आज नवीनच सुरू झालं. म्हाळसा धावत येते आणि पट्टीपुढं थांबते. उडी मारतच नाही. सात वेळा आली, सात वेळा थांबली. आठव्यांदा मी ओरडलो, तर पट्टी हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, मला कळंना झालंय, उडायचं कवा."

सोनम पोत्यांवर बसून शेंगा खात होती. तिला वाटलं वातावरण हलकं करावं. "म्हाळे, सरक, मी मारती. माझं डोकं लाल हाय." तिनं एक मीटर दहावर उडी मारली, तीही पायरी चढल्यासारखी, आणि पट्टी घेऊनच पडली. दोघी हसल्या. पुष्कळ दिवसांनी म्हाळसा हसली. मीही हसलो, पण मग मनात आलं, एवढं लाल डोकं आणि एक दहाही जात नाही, हे कसं. फॅट आहे पण दूधच निघत नाही, असं काहीतरी असावं. विचार लांबला नाही, दुधाच्या गाड्या यायची वेळ झाली होती.

५ डिसेंबर, रविवार

खरं लिहायचं तर मला भीती वाटायला लागलीय. डेअरीवर आज दोन जणांचं फॅट चुकीचं लावलं. दूध बिघडलं तर मला कारण कळतं, आंबोणातली, म्हणजे खुराकातली, चूक कळते, जनावराचा आजार कळतो. इथं काहीच कळत नाही. पोरगी तीच, पाय तेच, रान तेच. सांगतो तेवढं सगळं ती करते, आणि आठवड्याला दोन सेंटिमीटर खाली जाते. मल्हारी सरांच्या शाळेत फोन लावला, सर दहावीच्या सहलीला गेलेत.

ती आज म्हणाली, "जेवताना बी, शाळंत बी, डोक्यात तेवीस चालूच असत्यात." मी म्हणालो, शाब्बास. तिला ते शाब्बास आवडलं नाही असं वाटलं.

१७ डिसेंबर, चंपाषष्ठी

तळी भरली. म्हाळसानं भंडारा लावून घेतला. देवाला मी एवढंच मागितलं की परवाच्या दिवशी तिच्या ध्यानात सगळं राहू दे.

१९ डिसेंबर, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

चौफुल्याला गाडी बदलून नऊला दौंडला पोचलो. मैदानावर ऊन चांगलं होतं, वारं नव्हतं. गादी अशी की माणूस पडला तर उठू नये. म्हाळसानं हात लावून बघितला आणि माझ्याकडं बघून हसली. चौदा पोरी होत्या. पालकांना दोरीच्या बाहेर उभं केलं, मी अगदी पट्टीच्या रेषेत जागा धरली.

सुरुवात एक चाळीसवर. चाळीस तिनं आठवीत असताना चप्पल काढून मारलीय.

नाव पुकारलं. ती खुणेवर उभी राहिली, डोळे मिटले, ओठ हलायला लागले. मी मनात तिच्याबरोबर म्हणत होतो. पंचानं निशाण वर केलं की मिनिटात उडी मारावी लागते. ती धावली, आठव्या पावलाला पायात पाय आला, थांबली. पट्टीला हात लागला आणि पडली. तीनपैकी पहिली संधी गेली.

दुसऱ्या वेळी तिनं माझ्याकडं बघितलं. मी गुडघ्यावर हात मारून दाखवला, मग कंबर दाखवली, मग मान. शेजारी एक बाई होत्या, त्यांना वाटलं मला काही चावलं. दुसरी उडी तिनं मारली, पण उडी म्हणावी अशी नव्हती. बसल्यासारखी पट्टीवर बसली.

तिसऱ्या वेळी ती उभीच राहिली. एवढा वेळ उभी राहिली की बाकीच्या पोरी बघायला लागल्या. माझ्याकडं बघत होती. मी ओरडलो, "डावं पाऊल आधी! नऊ मोज!" पंचानं मला हात करून गप्प केलं. ती अजूनही उभी. मग निशाण खाली आलं. वेळ संपली. ती पळालीसुद्धा नाही.

जी पोरगी पहिली आली तिनं एक त्रेपन्न मारली. एक पंचावन्न कुणीच मारली नाही. जागा तशीच मोकळी राहिली.

स्टँडवर उसाचा रस घेतला, तिनं अर्धा ठेवला. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "तुमी सांगितलं तसंच केलं सगळं. काय इसरले न्हाई, आप्पा." मला रडू आलं. माणसं होती म्हणून तोंड धुवायला नळावर गेलो.

२० डिसेंबर, सोमवार

दूध घेतलं. बाकी काही नाही.

२८ डिसेंबर, मंगळवार

वसुधा मॅडमचं पत्र आलं. टाइप केलेलं, खाली शाईनं सही. चार वेळा वाचलं. महत्त्वाचं तेवढं उतरवून ठेवतो.

त्या लिहितात की सोळा मुलींवरून ठाम काही म्हणता येत नाही, पण जे दिसलं ते असं. ज्यांना उडी येत नाही त्यांचा मेंदू मनात उडी मारताना सगळीकडं धावतो. भीती, शंका, पाय कुठला, लोक काय म्हणतील, सगळं एकदम पेटतं. ज्यांना उडी येते त्यांचा गप्प राहतो. लागतो तेवढाच भाग चालतो, कारण बाकीच्याची गरज उरलेली नसते. "तुमच्या म्हाळसाचा नकाशा आम्हाला मिळालेल्यांत सगळ्यात शांत होता. मी तो चित्र म्हणून लेखात घेणार आहे. ती जे करते आहे ते तसंच करू द्या. कुणी तिला पावलं मोजायला वगैरे लावू नका, असल्या मुलींचं त्यानं बिघडतं. एकोणीस तारखेच्या चाचणीला मनापासून शुभेच्छा." पत्रावर तारीख नऊ डिसेंबरची आहे. नाताळच्या गर्दीत की कशात, वाटेत अडकलं.

पत्र फॅटच्या रजिस्टरखाली ठेवलं. मी वीस वर्षं लोकांच्या तोंडावर सांगत आलो, तुझ्या दुधात पाणी आहे. निर्भेळ दुधाला मी पाणी म्हणालो आणि मग स्वतःच्या हातानं पाणी घालत बसलो. वय बसत नाही, जागा मिळणार नाही, ते एक झालं. पण निदान उडी तरी तिची तिला परत मिळावी. ती कशी द्यायची ते पत्रात नाही.

३१ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस लपवलं. आज सकाळी धुरपदानं रजिस्टर पुसताना पत्र बघितलं. तिला वाचता येतं, सावकाश येतं. वाचून झाल्यावर घडी घालून माझ्या हातात दिलं. "तिला सांगा," एवढंच म्हणाली. भाकरीचं काही काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळचं दूध गेल्यावर म्हाळसाला डेअरीच्या मागं नेलं आणि पत्र वाचून दाखवलं. सगळं वाचलं. चूक माझी आहे, तुझी नव्हती, असंही म्हणालो. बापानं पोरीला असं म्हणायची आमच्यात रीत नाही, पण म्हणालो.

तिनं पोत्यातलं थोडं पाचट उपसून काढलं. मग म्हणाली, "मंजी मी बरी होते."

"बरी? सगळ्यात बरी होतीस. आता ते तेवीस सोडून दे. काय इचार करू नगो. आधी मारत होतीस तशी मार."

"आधी कशी मारत होते ते मला कुठं ठाव हाय, आप्पा? आन् इचार करायचा न्हाई म्हणलं, की त्योच एक चोविसावा झाला."

मी पट्टी खाली घेतली. पार एक मीटर वीसवर लावली, लहान पोरीसुद्धा मारतात एवढी. म्हणालो, नुसती जा, गंमत म्हणून. ती बूट न घालताच खुणेवर जाऊन उभी राहिली. मी पाठ फिरवली, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये. ऐकत होतो. काहीच आवाज येईना.

मग तिनं हाक मारली. "आप्पा, आधी डावं का उजवं?"

मी वळलो. ती एक पाय जरासा पुढं करून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. सांगावं तर परत तेच होतंय, आणि न सांगावं तर ती तिथून हलणार कशी. ती वाट बघत उभी राहिली.